ट्रंकेतला हिमरू, माळ्यावरची खुर्ची

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की आपल्या घरात दोन गोष्टी हमखास बाहेर येतात. माळ्यावरची एखादी मोडकी खुर्ची आणि कपाटाच्या तळाचं एखादं जुनं गाठोडं. खुर्चीचा निकाल भंगारवाला लावतो, गाठोड्याचा भांडीवाली. चार लुगड्यांवर एक स्टीलचं पातेलं मिळालं की आपणही खूश! "घर कसं मोकळं झालं" म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची, आणि आठ दिवसांनी हप्त्यावर नवी खुर्ची आणून तिच्यावर घालायला बाजारातून सिंथेटिकचं कव्हर घ्यायचं.

त्या खुर्चीची आणि त्या गाठोड्याची गाठ घालून दिली तर?

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द ऐकून आपले कान किटलेत, मला माहीत आहे. बाटलीची फुलदाणी आणि बांगड्यांचं तोरण करून आपण सगळ्याच दमलोय. पण जुन्या लाकडाला जुनं कापड लावणं ही त्यातली गोष्ट नव्हे, कारण यातली एकही वस्तू टाकाऊ नसते. आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, तर नाहीच नाही. ज्या गावात हिमरू विणला गेला, ज्याच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, त्या गावच्या ट्रंकांतून काय काय निघू शकतं याची आपल्यालाच कल्पना नसते.

आधी लाकूड बघा

कापडाच्या मोहात पडण्याआधी खुर्चीकडे नीट बघू या. जुन्या वाड्यातलं किंवा सासऱ्यांनी नोकरीत असताना करून घेतलेलं फर्निचर बरेचदा सागवानी असतं. नशीब जोरावर असेल तर शिसवी. सागाच्या लाकडात मुळातच तेलाचा अंश असतो, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आताच्या स्वस्त फर्निचरमध्ये भुसा दाबून केलेले बोर्ड असतात. फरशी पुसताना पाणी लागलं की ते फुगतात, आणि एकदा स्क्रू निघाला की त्या भोकात तो परत धरत नाही. जुन्या खुर्चीचे सांधे एकात एक बसवलेले असतात. ती डुगडुगते म्हणजे संपली असं नाही, नुसता सरस सुटलेला असतो. चांगला सुतार सांधा उघडतो, जुना सरस खरवडतो, नवा भरतो आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवतो. वरून एक लांब खिळा ठोकून "झालं बघा ताई" म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजून परत पाठवा. खिळ्याने लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी दुरुस्तीला जागाच उरत नाही.

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का, त्याखाली पिठासारखा ताजा भुसा पडतो का, हे पाहा. पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग बाकी सगळं. दुसरा शत्रू ढेकूण. नुसतं नाव काढलं तरी अंग खाजायला लागतं, पण बाजारातून आणलेल्या जुन्या खुर्चीच्या बाबतीत लाजून चालत नाही. सांध्यात, वेताच्या विणीत, जुन्या कापडाच्या घडीत काळे ठिपके दिसले तर ती खुर्ची घरात घेऊच नका. अंगणात किंवा गच्चीवरच जुनं कापड, काथ्या, कापूस सगळं उपसून काढा आणि टाकून द्या. जुन्या भरणाची काटकसर नको. राहिलेला लाकडी सांगाडा आपल्या मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात काही दिवस तापू दे, फटी-भेगा नीट साफ करून घ्या. ज्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या देतो, ते इथे कामाला येतं!

घरात काही नसेल तर बाजार आहेच. रविवारी जाफरगेटचा आणि गुरुवारी छावणीचा. भाजीपाला आणि भांड्यांच्या पलीकडे गेलात, की जुन्या लाकडी सामानाचे ढीग दिसतात. जुना वाडा पडत असेल तर तिथेही डोकावायला हरकत नाही. बंगलेवाले खांब आणि दारं घेऊन जातात, पण हात तुटलेली आरामखुर्ची किंवा एका पायाने लंगडं स्टूल कुणाला नको असतं.

पॉलिशचं काम कापड लावायच्या आधी उरकायचं, हे सांगायला नको. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर मारायचा, आडवा नाही. जुन्या वस्तूला मला स्वतःला स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेलं जुन्या पद्धतीचं पॉलिशच आवडतं. चमक जरा मंद असते, पण लाकूड लाकडासारखं दिसतं. गरम कप ठेवला की त्यावर पांढरी गोल खूण उमटते, तेवढं मात्र सांभाळावं लागतं.

गाठोडं सोडा

आता गाठोडं. आपल्याकडे सगळ्यात जास्त वाया गेलेलं कापड कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हिमरूचं नाव घेईन. पैठणी निदान ओळखली तरी जाते. हिमरूला घरातलेच लोक 'तो जुना पडद्याचा तुकडा' म्हणतात.

किनखाब हे राजेरजवाड्यांचं कापड, रेशीम आणि सोन्याचांदीच्या तारेचं. ते सगळ्यांना परवडणार कसं? मग ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा घेऊन किनखाबासारखं दिसणारं कापड विणलं गेलं, तो हिमरू. 'सारखा दिसणारा' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून हे नाव पडलं, असं सांगतात. मोहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा विणकरही आले. सुलतान परत गेला, विणकर इथेच राहिले, अशी हकीकत शहरातले जुने लोक सांगतात. निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, दरबार गेला, शेरवान्या घालणारेही कमी झाले. मग हिमरू शालीवर आणि पर्यटकांच्या पिशवीवर आला. आज यंत्रमागावरचा माल दुकानात भरपूर दिसतो. हातमागावर हिमरू विणणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच राहिलेत.

तुमच्या ट्रंकेतला तुकडा हिमरू आहे का, हे बघायचं असेल तर तो उलटा करा. पुढच्या बाजूला कोयऱ्या, फुलं, जाळीची नक्षी रेखीव दिसेल, आणि मागच्या बाजूला रंगीत रेशमी धागे लांब लांब, सुटे लोंबत असतील. नक्षीसाठी घातलेला जादा धागा जिथे लागत नाही तिथे मागे सोडून दिलेला असतो. त्यामुळे हे कापड मऊ आणि उबदार लागतं. पण लक्षात ठेवा, हे सुटे धागे बोटाच्या अंगठीत अडकले तरी ओढले जातात.

त्याचं भावंड म्हणजे मशरू. वरून रेशमाची साटीनसारखी चमक आणि आतून, अंगाला लागते त्या बाजूला, सूत. शुद्ध रेशीम अंगाला लागू द्यायचं नाही असा दंडक पाळणाऱ्या मुसलमान पुरुषांसाठी ही युक्ती निघाली. 'मशरू' म्हणजे 'धर्माला चालणारं'. जुन्या रजईच्या वरच्या बाजूला किंवा चोळीत पट्ट्यापट्ट्यांचं असं चमकदार कापड दिसलं, तर आतला भाग बोटाने चाचपून बघा.

खरं रेशीम की नकली, याची परीक्षा आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. कडेचा एक धागा उपसा आणि ताटलीत, चिमट्याने धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि काळी गुठळी बोटाने चुरली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला, की समजा पॉलिएस्टर. नकली निघालं म्हणून तोंड पाडू नका हं! बसायच्या जागेसाठी तेच जास्त उपयोगी पडेल.

बैठने का की देखने का?

निजामाच्या काळात इकडच्या वकील-अंमलदारांच्या मराठी घरांतही शेरवानी असे. माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे त्यांच्या आजेसासऱ्यांची अशी एक हिमरूची शेरवानी होती. बाह्यांना कसर लागलेली, गळा विरलेला. पाठीचा भाग मात्र जसाच्या तसा. त्याच आजोबांची आरामखुर्ची गच्चीच्या खोलीत पडून होती. मी म्हटलं, देऊन टाका आता. तर मलाच म्हणाल्या, "कशाला विकायलीस गं ती? त्यांच्याच शेरवानीनं मढवते की!" कल्पना झकास होती. त्या शेरवानी घेऊन कुशनवाल्याकडे गेल्या. म्हातारे कारागीर होते. त्यांनी कापड हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाले, "ताई, ये कपडा बैठने का नै, देखने का है."

जाऊबाईंना तेव्हा राग आला. पण जुनं कापड फर्निचरला लावण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, असं मला वाटतं.

खुर्चीच्या बैठकीचं आयुष्य डोळ्यांपुढे आणा. पन्नास-साठ किलो वजन दिवसातून वीस वेळा बसणार, उठणार, सरकणार. घाम, जीन्सची बटणं, नातवाच्या हातातलं बिस्कीट. साठ वर्षांचं रेशीम हे सोसेल कसं? रेशीम म्हातारं झालं की घडीवर तडकतं, उन्हात ठेवलं तर आणखी लवकर. बैठकीला लावलेला हिमरू वर्षभरात विरेल, आणि साठ वर्षं जे ट्रंकेत टिकलं ते आपण हौसेपायी बारा महिन्यांत संपवू.

तेच कापड खुर्चीच्या पाठीच्या मधल्या चौकोनात लावलं तर? तिथे वजन पडत नाही. खुर्चीच्या मागच्या बाजूला, म्हणजे पाठीच्या पाठीला, तर कुणाचा स्पर्शही होत नाही, आणि हॉलच्या मध्यभागी ठेवलेल्या खुर्चीची तीच बाजू दारातून पहिली दिसते. पलंगाच्या डोक्याकडची फळी, लाकडी पेटीचं झाकण, टीपॉयच्या काचेखालची जागा, या सगळ्या 'देखने का' जागा. जाऊबाईंच्या खुर्चीचं शेवटी असंच झालं. पाठीला आजोबांच्या शेरवानीची पाठ, मांडीखाली सोलापुरी चादर. डोकं टेकतं तिथे त्यांनी एक पांढरा धुवायचा रुमाल घातलाय, तेलासाठी.

या रुमालाचीही गंमत आहे. आपल्या लहानपणी प्रत्येक सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असत ना? ती चाल विलायतेतून आली. तिकडचे पुरुष केसांना मकॅसर नावाचं तेल चोपडत आणि खुर्च्यांच्या पाठी खराब होत. म्हणून बायकांनी वर रुमाल टाकायला सुरुवात केली. त्या रुमालाचं इंग्रजी नावच 'अँटिमकॅसर', म्हणजे तेलाचा वैरी. आपल्याकडे खोबरेल असल्याने रुमालाला काम कधी कमी पडलं नाही!

बसायला सोलापूर

बैठकीसाठी माझं मत सोलापुरी चादरीला. जुनी, दहा-पंधरा वर्षं धुऊन मऊ पडलेली, रंग थोडा उतरलेला. जाड सुती वीण, दोन्ही बाजूंनी नक्षी, एकीकडे जो रंग नक्षीचा तोच दुसरीकडे जमिनीचा. एका चादरीत जेवणाच्या चार खुर्च्यांच्या बैठका आरामात निघतात, आणि मधला पांघरून विरलेला भाग सोडून कडेचा दणकट भाग वापरता येतो. कुणी म्हणेल, पाहुण्यांना काय सोलापुरी चादरीवर बसवायचं? बसवून तर बघा. सागवानी चौकटीत, काठाला बारीक दोरी लावून ती मढवली की पहिला प्रश्न 'कुठून आणलंत हो कापड?' हाच येतो. जुनी सतरंजीही अशीच कामाची, पण ती वाकवायला जड जाते, कोपऱ्यात घडी जाडी होते. सरळ पाटासारख्या बैठकीलाच ती बरी.

इरकल आपल्या मराठवाड्यातल्या आज्यांचं रोजचं लुगडं. अंग बहुतेक वेळा सुती, पदर रेशमी, त्यावर पांढऱ्या रंगात टोप-तेनीची नक्षी. सुती अंगाला आतून मांजरपाटाचं अस्तर दिलं, की कमी वापराच्या खुर्चीला ते चालतं. पदर मात्र उशीला किंवा पाठीला. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून मोठ्या सोफ्याचं नाव काढू नका. पण स्टूल, मोडा, देवघरापुढचा पाट किंवा टीपॉयखालचं छोटं बसकूर यांना खणासारखं देखणं काही नाही. खणाच्या साड्यांची लाट आली तेव्हापासून नवे खण सगळीकडे मिळतात, तरी जुन्या चोळीच्या खणाचा तो गडद, दबलेला रंग वेगळाच.

आणि गोधडी? गोधडी कापू नका. तिला खुर्चीवर नुसती टाका. दहा लुगड्यांचे थर एकत्र शिवलेलं ते कापड. कात्री लागली की सगळे टाके सुटत जातात. दिवाणावर घडी करून अंथरली तरी खोलीचा नूर बदलतो.

मापं आणि टाके

खुर्चीची बैठक अठरा इंच लांब-रुंद आणि फोम दोन इंची असेल, तर कापड सव्वीस इंचांचं हवं. दोन्ही बाजूंना फोमच्या उंचीचे दोन-दोन इंच आणि खाली वळवून ठोकायला आणखी दोन-दोन. घासाघीस करून चोवीस इंचांत बसवायला गेलात तर कापड ताणलं जातं आणि जुनं कापड ताण सोसत नाही. फोम घेताना दुकानदाराला डेन्सिटी विचारा. बैठकीला ३२ किंवा ४० ची. हलका, स्वस्त फोम सहा महिन्यांत पापडासारखा बसतो आणि वरचं कापड सुरकुततं.

जेवणाच्या खुर्च्यांच्या बैठका बहुधा खालून चार स्क्रू काढले की सुट्या होतात. हे काम घरच्या घरी जमण्यासारखं आहे. फोमवर आधी मांजरपाट ओढून ठोका, त्यावर तुमचं कापड. कोपऱ्यापासून कधीच सुरुवात करायची नाही. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक मारायची, समोरासमोर, मग मधून कडेकडे सरकायचं आणि कोपरे सगळ्यात शेवटी, पत्रावळीच्या चुण्यांसारखे दुमडून. स्टेपल गन असेल तर उत्तमच. स्प्रिंगचा सोफा किंवा पूर्ण मढवलेली आरामखुर्ची मात्र कारागिराकडेच द्या.

हिमरू लावायचा असेल तर त्याचे मागचे सुटे धागे आधी बंदिस्त करायला हवेत. मऊ मांजरपाट किंवा जुनं धोतर त्याच्या पाठीला लावून तिरके, सैल कच्चे टाके घालायचे, हातानेच. शिंपी सांगेल, फ्युजिंग चिकटवून देतो, दोन मिनिटांचं काम! नको म्हणा. एकदा गरम इस्त्रीने गोंद चिकटला की तो परत निघत नाही. टाके केव्हाही उसवता येतात.

कापड देताना नक्षीची दिशा खडूने मागच्या बाजूला लिहून द्या. बाण काढा, 'वर' असं लिहा. माझ्या एका मैत्रिणीच्या दोन उशांवर बांगडी-मोर डोक्यावर उभे राहिलेत, कारण कारागिराने कापड वाचवायच्या नादात तुकडे उलटे लावले. उरलेल्या चिंध्याही मागून घ्या. काठाची दोन बोटं रुंद पट्टी उरली, तर ती तिरकी जोडून पायपिंग करता येते, आणि पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच वयाचं कापड दुसरीकडे मिळणार नाही.

सुती कापड शिवण्याआधी धुऊन घ्या, म्हणजे नंतर आटत नाही. लाल इरकलीचा आणि खणाचा रंग जातो. ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी एक कोपरा पुसून बघा. रेशीम आणि हिमरू घरी धुवायचे नाहीत, सावलीत वारा द्यायचा. जर काळी पडली असेल तर चिंच-बिंच, भांड्यांची पावडर अजिबात नको. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. घासलं की मुलामा जातो.

कात्री कुणाच्या हातात?

आता थोडं नाजूक बोलायचं आहे.

पैठणीचा काठ-पदर ओळखायला सोपा, कारण नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच असते, मागे लोंबणारे धागे नाहीत. हे काम हाताने, धागा धागा अडकवून होतं, आणि भरगच्च पदराच्या पैठणीला महिनेच्या महिने लागतात. अशी अख्खी पैठणी निघाली तर कात्री बाजूला ठेवा. उशीसाठी, सोफ्यासाठी, कशासाठीच नको. आजकाल जुन्या पैठण्यांच्या उशांचे फोटो बघून हात शिवशिवतात, पण त्या बहुतेक फाटलेल्या साड्यांच्या काठांच्या असतात, असायला तरी हव्यात. फाटलेल्या साडीचं नेसणं जर खरंच संपलं असेल, तर तिचा काठ आणि पदर वाचवण्याचा हा चांगला मार्ग आहे. नाही तर जुनी जर विकत घेणारे दारात येतातच. वजनावर पैसे देतात आणि साडी जाळून चांदी काढतात. मोराच्या पदराची किंमत त्या वजनात धरलेली नसते.

जालन्याच्या एका घरातली गोष्ट मला ठाऊक आहे. आई गेल्यावर तिची एकच पैठणी उरली, आणि तीन बहिणी. साडी घडीवर चिरलेली, नेसण्यासारखी नव्हतीच. धाकटीने सुचवलं, आईच्याच झोपाळ्याला तीन उशा करू, प्रत्येकीकडे एक. मधलीला पटलं. थोरली म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढे आईवर कात्री चालवू नका." सहा महिने विषय बंद. मग त्यांनी काय केलं, तर पदर कापलाच नाही. काठाच्या पट्ट्या काढून दोन उशा झाल्या, त्या दोघी धाकट्यांकडे गेल्या. पदर अख्खा मलमलीत गुंडाळून थोरलीकडे. झोपाळ्याला साधी हातमागाची खादी लावली. मला विचाराल तर थोरलीचं म्हणणं मला धाकटीइतकंच पटतं. 'नुसतं ठेवून काय उपयोग' हे वाक्य आपण फार पटकन बोलतो. कापडाचा उपयोग करायचा म्हणजे ते कापायचंच असं थोडंच आहे?

म्हणून एक करा. कात्री लावण्याआधी घरात विचारा. नणंदेला, बहिणीला, चुलत सासूबाईंना सुद्धा. त्या लुगड्यावर कुणाचा काय जीव अडकलाय, हे गाठोडं सांभाळणारीलाही नेहमी माहीत नसतं. शक्य असेल तर कापायच्या आधी पूर्ण कापड पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ते कुणाचं, कुठल्या लग्नातलं, हे एका कागदावर लिहून त्या खुर्चीच्या बैठकीखाली चिकटवा. पुढच्या सुनेने कधी स्क्रू काढले तर तिला कळेल.

आणि ट्रंकेत काहीच निघालं नाही तर? शहरातल्या विणकराकडून हिमरूचा छोटा तुकडा विकत घ्या. एका खुर्चीच्या पाठीपुरता. 'हातमागाचा दाखवा' असं स्पष्ट म्हणा आणि उलटून बघा. यंत्रावरच्या मालापेक्षा तो महाग पडेल, पण आज विकत घेतलेला हातमागाचा हिमरू पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी ट्रंकेत निघेल, आणि मधल्या काळात माग चालू राहील. पैठणी परवडत नसेल तर पैठणला जाऊन विणकर मागावर बसलेला बघून या. मग घरातल्या जुन्या काठाकडे वेगळ्या नजरेने बघाल.

खर्चाचं खरं सांगायचं तर सुतार, पॉलिश, फोम आणि कुशनवाल्याची मजुरी धरून आरामखुर्ची काही फुकटात होत नाही. प्लायवुडची, खिळे मारून जोडलेली खुर्ची असेल तर एवढा खटाटोप करू नका. सागवानी असेल तर करा, आणि एका वेळी एकच.

खुर्ची तयार झाली, की ती पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. आपल्याकडचं दुपारचं ऊन एका उन्हाळ्यात रेशमाचा रंग उडवतं. धूळ ओल्या फडक्याने पुसायची नाही, ती धाग्यात बसते. मऊ ब्रशने, नक्षीच्या दिशेने, हलक्या हाताने झटकायची. मांजर पाळलेली असेल तर खुर्चीवर कायमची एक चादर टाकून ठेवा आणि पाहुणे आले की काढा. मांजराला 'देखने का' समजावून सांगणं अजून कुणालाच जमलेलं नाही.